आवाज घराबाहेर जाता कामा नये

रोपातीच्या बसचा हॉर्न कित्येक वर्षं बंद आहे. दुरुस्त करायची गरजच पडली नाही कधी. वळणावर खिडकीतून डोकं बाहेर काढून हा बाबा एक आरोळी ठोकतो, की डुकरं, कोंबड्या, शाळेची पोरं, सगळी आपसूक रस्त्याच्या कडेला होतात. सकाळी डोंगर ओलांडून आपियाला, म्हणजे आमच्या बेटाच्या राजधानीला, दुपारी परत. माणूस सोन्यासारखा, पण देवानं गळ्यात जे यंत्र बसवलंय त्याला हळू करायचं बटणच ठेवलं नाही. चर्चमध्ये तो गायला लागला की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मान वळवून बघतात. बायको एसेता म्हणते, "कानात कुजबुजला ना, तरी पाद्रीबाईंना कळतं आमच्या घरात काय चाललंय."

आता आमच्या गावात आवाजाचं एक आहे. घरांना भिंती नाहीत. खांब आहेत, वर छप्पर आहे, आणि मध्ये वारा. दिवसभर कोण कुणावर ओरडलं याचं कुणाला सुतक नसतं. पण सूर्य बुडताना शंख वाजला की विषय संपला. पहिल्या शंखाला रस्त्यावरच्यानं घरी पळायचं. दुसऱ्याला 'सा' लागते, म्हणजे घराघरांत प्रार्थना, आणि रस्त्यावर एकसारखे लावालावा, म्हणजे आमच्याकडच्या लुंग्या, नेसलेली गावची माणसं काठ्या घेऊन पहाऱ्याला. कुणी चालायचं नाही, कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. तिसरा शंख झाला की सुटका. आमचे लोक ऊससुद्धा त्या वेळात चावत नाहीत.

आणि नेमकी त्याच सुमाराची रोपातीला दर बुधवारी गरज असायची.

त्याच्या घरामागे पत्र्याची एक खोली आहे. भिंती असलेली त्या आवारातली तेवढी एकच जागा. तिथे टीव्ही, आणि टीव्हीखाली ऑकलंडहून आलेला गेमचा कन्सोल. बस लावली की रोपाती तिकडे शिरायचा आणि ऑकलंडमधल्या एका माणसाबरोबर इंटरनेटवरून रग्बी खेळायचा. दोघं एका बाजूनं, समोर वेलिंग्टनची नाही तर सिडनीची कुठलीतरी जोडी. त्याचं बोलणं-हसणं टीव्हीतूनच ऐकू यायचं. त्या माणसाची रात्रपाळी, त्यामुळे त्याला कामावर जायच्या आधीचा तेवढाच वेळ मोकळा. पहिला शंख झाला की रोपाती खेळ टाकून पुढच्या मोठ्या घरात प्रार्थनेला धावायचा, आणि तो तिकडे वाट बघत बसायचा. तिसरा शंख झाला की पुन्हा सुरू.

रोपाती त्याला 'भावा' म्हणायचा. नाव घ्यायचा नाही. नाव सगळ्यांना माहीत होतं. तो लाफाएले होता, रोपातीच्या मोठ्या काकांचा धाकटा मुलगा.

हे काका म्हणजे घराण्याचे प्रमुख. गाव त्यांना सेउतालो म्हणतं, ते त्यांच्या गादीचं नाव. काकू वारली तेव्हा लाफाएले आला नाही. त्याचे कागद तेव्हा धड नव्हते, आला असता तर परत जाता आलं नसतं, मग त्यानं यायचं टाळलं. दफन झालं त्या संध्याकाळी सगळ्या घरादेखत काका म्हणाले, "या घरात त्याचं नाव निघणार नाही." झालं. सहा वर्षं निघालं नाही. रोज प्रार्थनेत काका परदेशातल्या मुलांची नावं घेतात. सिडनीची रुता, ब्रिस्बेनचा इओआने, ऑकलंडचा मिकाएले. मिकाएलेनंतर काका थांबतात. एक श्वास घेतात. मग पुढे नातवंडं. त्या श्वासात सगळं घर खाली बघत बसतं.

ईस्टरनंतर एका बुधवारी घोळ झाला. शंख झाला, रोपाती इमानदारीत प्रार्थनेला येऊन बसला, पण टीव्ही बंद करायला विसरला. इकडे काकांनी डोळे मिटले, आणि तिकडे पत्र्याच्या खोलीतून अख्ख्या स्टेडियमचा जल्लोष उठला. शिट्ट्या, ढोल, आणि त्यावर कडी म्हणजे एक माणूस खो खो हसला. पाद्रीबुवांच्या घरापर्यंत गेलं ते हसू.

पंचायत बसली. आमच्या पंचायतीच्या घरात प्रत्येक प्रमुखाचा खांब ठरलेला असतो, त्याला पाठ टेकून त्यानं बसायचं. सेउतालोंचा खांब समुद्राच्या बाजूचा. त्या दिवशी मात्र ते खांब सोडून मधोमध मांडी घालून बसले, मान खाली घातली, आणि ज्यांचा बाप्तिस्मा त्यांनी पाहिला होता अशा पोराटोरांचं बोलणं ऐकून घेतलं. दंड झाला टिनातल्या माशांची खोकी, ती दिली. पण वर ताकीद मिळाली: पुन्हा या घरातून सा मोडली, तर कन्सोल गावच्या मैदानात दगडानं फोडायचा, आणि सेउतालोंनी वर्षभर खांबाला बसायचं नाही.

परत येताना काका एवढंच म्हणाले, "त्या खांबाला माझ्या बापाची पाठ लागायची."

काकांनी शिव्या घातल्या असत्या, काठी हाणली असती, तर रोपातीनं हसत सोसलं असतं. त्याला बाप होऊन वाढवलं होतं त्यांनी. त्यानं ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, या माणसाला पुन्हा त्या मधल्या जागेवर बसवायचं नाही. पण खेळ बंद करायचं काही त्याच्या जिभेवर येईना. खेळ बंद म्हणजे लाफाएले बंद. घरातला तेवढा एकच धागा त्याच्याकडे जात होता, आणि तो रोपातीच्या हातात होता.

एसेतानंच सुचवलं. "कानाला लावायचं घे की ते. हेडसेट. आवाज तुझ्या डोक्यात राहील, गावात नाही जाणार."

शुक्रवारी त्यानं बस बाजारात लावली, उतारूंना सांगितलं आलोच, आणि दुकानात शिरला. उतारू कसले ऐकतात. तारोच्या कंदांच्या टोपल्या बसमध्ये ठेवून तिघी-चौघी त्याच्या मागोमाग आत.

दुकानातली मुलगी वाइओला. बोलायला भलती तिखट. तिनं पहिला काढला, तो वायरवाला. "स्वस्त आहे, आवाज झकास."

"वायर नको," रोपाती म्हणाला. "आमच्याकडे कुत्रा आहे, कोंबड्या आहेत, आणि बायको आहे. कुणीतरी पाय अडकून पडणार."

"मग हा बघा. बिनतारी. टीव्हीखालच्या खोक्यात हे बोटाएवढं लावायचं की झालं. तुमचं खोकं कुठलं? नीट सांगा हं दादा, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. लोक घेऊन जातात आणि सोमवारी माझ्या नावानं बोंबलत येतात."

रोपातीनं मोबाइलमधला फोटो दाखवला. तिनं मान हलवली, चालेल म्हणाली. हलका होता हेडसेट, कानावर कापडी जाळी. घाम कमी येतो, तासन्‌तास घातला तरी डोकं दुखत नाही.

"आवाज बाहेर जातो का?" रोपातीनं विचारलं.

"थोडा झिरपतो. शेजारी बसलेल्याला ऐकू येईल. पण बाहेरचंही तुम्हाला ऐकू येतं ना, कुणी हाक मारली, कुणी आलं…"

"झिरपतो म्हणजे जातो. दुसरा दाखव."

वाइओलानं मग कपाटातून तिसरा काढला. काळा, जाड, कानाभोवती गाद्या. "हा एकदम बंद. आतलं आत, बाहेरचं बाहेर. छपरावर नारळ पडला तरी कळायचं नाही. आणि आतलं काय ऐकू येतं माहितीये? पलीकडचा माणूस नुसता श्वास घेत असेल ना, तोसुद्धा."

तिनं तो त्याच्या डोक्यावर चढवला. बाजार गेला. बसेस गेल्या, कोंबड्या गेल्या, मागे हसणाऱ्या बायका गेल्या. रोपाती भर दुकानात ओरडला, "बाप रे! काहीच नाही!"

सगळं दुकान दचकलं. वाइओलानं त्याच्या कानावरची एक गादी उचलली. "दादा, एक सांगते. यात स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, म्हणून माणूस जास्तच ओरडतो. त्यासाठी हे बटण आहे, तुमचाच आवाज थोडा तुमच्या कानात सोडतं. चालू ठेवा."

"माझा आवाज मला कशाला ऐकवतेस? मला पाठ आहे तो."

"आणि घरात कुणी हाक मारली तर?"

"हाक मारायला बायको आहे. ती हाक नाही मारत, चापट मारते."

बायका खिदळल्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "रोपाती, तो जाळीवाला घे रे. डोक्याला हलका." तिचं कोण ऐकतो! त्याच्या मनात एकच वाक्य पक्कं बसलं होतं: आवाज घराबाहेर जाता कामा नये. आत काय यायला हवं, याचा विचार त्या शहाण्याच्या डोक्यात डोकावलाही नाही. त्यानं काळा घेतला.

पहिला बुधवार मस्त गेला. एसेता शेजारी पानं विणत बसली. शंख झाला, तिनं खांद्यावर चापट मारली, रोपातीनं हेडसेट उतरवला आणि सगळ्यांच्या आधी चटईवर हजर. पत्र्याच्या खोलीतून हूं की चूं नाही. तिसऱ्या शंखानंतर पहाऱ्याचा म्होरक्या सामुएलू कुंपणाशी थांबून म्हणाला, "काय रोपाती, कन्सोल विकलास की काय?" रोपातीची छाती फुगली.

एका गोष्टीकडे मात्र त्याचं लक्ष नव्हतं. एसेताचं होतं. बुधवारी संध्याकाळी काका आपली चटई नेहमी मागच्या बाजूच्या खांबाशी ओढून बसायचे, पत्र्याच्या खोलीकडे पाठ करून. म्हणायचे, इकडून वारा येतो. त्या बाजूनं वारा कधीच येत नाही, तिकडे फणसाचं झाड आहे. त्या बुधवारीही बसले. बराच वेळ बसले. मग रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "आज नव्हतास का खेळत?"

"होतो की काका! पण आता बाहेर काहीच येत नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून खास घेतला."

"हं," काका म्हणाले. ताटातला मासा तसाच ठेवून ते उठले.

एसेता झोपताना नवऱ्याला म्हणाली, "म्हाताऱ्याला काहीतरी लागलंय."

"वय झालंय. पोट बिघडलं असेल," म्हणून हा घोरायला लागला. आता या माणसाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

पुढच्या बुधवारी गावच्या बायकांची सभा होती. एसेता निघताना दारात थांबली. "मी नाहीये. एक कान बाहेर ठेव. ऐकलंस? एक कान. काकांचा खांब आहे त्या कानावर."

"अगं हो, हो!"

त्यानं ठेवलाही. डावी गादी कानामागे सरकवून बसला. त्या दिवशी सामना होता वेलिंग्टनच्या दोघांशी, वरच्या गटात जायचा. दोन्हीकडे गुण सारखे. लाफाएले तिकडून सांगत होता, "डावीकडे सरक… अरे थांब, अजून नको," आणि एका कानानं रोपातीला अर्धंच कळत होतं. दोनदा चेंडू हातचा गेला.

"बहिरा झालास काय रे?" लाफाएले म्हणाला.

"एक मिनिट, भावा." रोपातीनं बाहेर नजर टाकली. ऊन अजून नारळाच्या शेंड्यांवर होतं. वेळ आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. आणि डावी गादी कानावर ओढली.

जग मिटलं. उरलं हिरवं मैदान आणि कानाच्या आत बसलेला लाफाएले. इतका जवळ की तो नाकानं श्वास ओढतो तेही कळावं. लहानपणी दोघं एका चटईवर झोपायचे तेव्हा यायचा तसाच. पहिला शंख वाजला. रोपाती अंगठे चालवत होता. रस्त्यावरची पोरं पळत घरी गेली. उशीर झालेली एसेता धापा टाकत आली, पण थेट मोठ्या घरात, कारण बायामाणसं बसली होती आणि काका तिच्याकडेच बघत होते. तिनं मागे नजर टाकली. रोपातीची जागा रिकामी. उठावं तर दुसरा शंख वाजायला लागला होता.

सा लागली. समोरच्या रस्त्यावर सामुएलू आणि त्याची माणसं काठ्या टेकून उभी राहिली. समुद्राशिवाय कशाचाही आवाज नाही. काकांनी डोळे मिटून सुरुवात केली. एसेता मनातल्या मनात वेगळीच प्रार्थना करत होती: देवा, त्याला गप्प ठेव. एवढा वेळ त्याला गप्प ठेव, मी आयुष्यभर काही मागणार नाही.

"सिडनीत रुता, तिला सांभाळ," काका म्हणत होते. "ब्रिस्बेनमध्ये इओआने, त्याला सांभाळ. ऑकलंडमध्ये मिकाएले, त्याला सांभाळ."

आणि काका थांबले. त्यांनी तो रोजचा श्वास घेतला. घरानं माना खाली घातल्या.

"लाफाएले!"

पत्र्याची खोली हादरली. "लाफाएले! डावीकडे! डावीकडून ये, लाफाएलेऽऽ!"

बस चालवणाऱ्याची आरोळी ती. पाद्रीबुवांच्या घरापलीकडे, मैदानापलीकडे, थेट खडकांपर्यंत गेली असेल. सहा वर्षं जे नाव त्या घरात कुणी ओठांवर आणलं नव्हतं, ते ऐन सा-मध्ये, बरोबर त्या रिकाम्या जागेत येऊन पडलं.

कुणी हललं नाही. एक पोर हसायला गेली, एसेतानं तिचं तोंड दाबलं. रस्त्यावर सामुएलूनं मान वळवली. काकांचे डोळे अजून मिटलेलेच होते. मग ते उघडले. काकांनी काठी उचलली, आणि प्रार्थना अर्धवट टाकून उठले. आमेन न म्हणता सेउतालो चटईवरून उठले, असं आमच्या गावात आधी कुणी पाहिलं नव्हतं.

रोपातीला काय, पत्ताच नाही. लाफाएले डावीकडून आला, चेंडू घेतला, सुटला. रोपाती स्टुलावरून अर्धा उठला, आणि तेवढ्यात टीव्हीच्या काचेत त्याला दारात उभी असलेली काठी दिसली. मग हात. मग काका.

त्यानं बाहेर पाहिलं. ऊन नव्हतं. त्यानं हेडसेट ओढून काढला आणि त्या शांततेत त्याला स्वतःचाच श्वास केवढ्यांदा ऐकू आला. कुंपणाबाहेर वाळूवर पावलं वाजत होती, पहारेकरी जवळ येऊन थांबत होते. सा संपेपर्यंत ते आत येणार नव्हते, पण ऐकलं सगळ्यांनी होतं. खांब गेला. काकांच्या बापाची पाठ जिथे लागायची तो खांब आपण घालवला, बस्स, एवढंच त्याला कळत होतं.

"काका," तो कुजबुजला. आयुष्यात पहिल्यांदा खरोखर कुजबुजला. "काका, मी… मला शंख… मारा मला."

काका त्याच्याकडे बघतच नव्हते. ते त्याच्या हातातल्या हेडसेटकडे बघत होते. गाद्यांमधून मुंगीएवढा एक आवाज येत होता. "रोपाती? अरे गेलास कुठे? रोपाती?"

काकांनी हात पुढे केला.

रोपातीला आधी कळलंच नाही. मग त्याला वाटलं फेकून देणार, आपटणार. त्यानं दिला. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला, उलटा-सुलटा करून पाहिला, आणि डोक्यावर चढवला. उलटाच. बोलायची दांडी कपाळावर. रोपातीनं ती खाली ओठांशी वळवली. म्हातारा स्टुलावर बसला.

"लाफाएले," काका म्हणाले.

आता सेउतालो म्हणजे आमच्या गावचे सगळ्यात मोठे वक्ते, पाहुण्यांसमोर भाषणं करून कमावलेला गळा. त्यात दोन्ही कान बंद. ते बोलले आणि गावानं ऐकलं. "लाफाएले, मी आहे. जेवलास का?"

कुंपणापाशी काठी वाळूवर टेकल्याचा आवाज आला. मोठ्या घरात एसेतानं डोळे गच्च मिटले.

उत्तर नाही. टीव्हीवर वेलिंग्टनवाले चेंडू घेऊन पळत सुटले, त्यांना अडवायला कुणी नव्हतं, त्यांनी तो नेऊन टेकवला. रोपातीनं तिकडे पाहिलंही नाही. तो काकांच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि चेहऱ्यावर काही नव्हतं. तिकडे त्यानं हेडसेट काढून ठेवला असेल. निघून गेला असेल. सहा वर्षांनी म्हाताऱ्यानं तोंड उघडलं, खांब घालवून उघडलं, आणि पलीकडे रिकामी खुर्ची.

"काका," त्यानं हळूच त्यांच्या गुडघ्याला हात लावला. "काही बोलतोय का?"

काकांनी त्याच्या ओठांकडे बघून ओळखलं. तळवा उचलून त्याला गप्प केलं.

"श्वास घेतोय," ते म्हणाले. "आहे तो. ऐकू येतंय."

आणि ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी एकदा मान हलवली. पुन्हा हलवली. "हं," म्हणाले. बऱ्याच वेळानं, "माहीत आहे मला," असं म्हणाले. पलीकडून काय आलं ते त्या काळ्या गाद्यांच्या आत राहिलं. गावाला नाही कळलं, रोपातीलाही नाही, आणि आम्ही कितीही कान टवकारले तरी आजतागायत नाही.

तिसरा शंख झाला तो रोपातीनं ऐकला. काकांनी नाही. सामुएलू आवारात आला, दाराशी आला, वाकून उभा राहिला. चांगला माणूस. त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं की त्याला हे काम नको होतं.

"सामुएलू," रोपाती पुढे झाला, "चूक माझी आहे. मी ओरडलो. कन्सोल घेऊन जा, फोडा. काकांचा यात काही—"

काकांनी हेडसेट काढला. आधी पलीकडच्याला म्हणाले, "थांब, जाऊ नकोस." मग दांडीवर हात ठेवून सामुएलूकडे वळले.

"काका," सामुएलू चाचरत म्हणाला, "आधी एक आवाज आला. मग… तुमचाही आला रस्त्यापर्यंत."

"आला असेल. दोन्ही माझेच."

"काका, पहिला रोपातीचा होता, सगळ्यांनी—"

"त्यानं हाक मारली ती माझ्या तोंडची होती. मी मारायला हवी होती ती." काका काठीवर भार देऊन उठले. "सोमवारी पंचायतीत मी मधोमध येऊन बसतो. वर्षभर खांबाला बसायचं नाही, मला माहीत आहे. ते खोकं फोडायचं असेल तर मलाही फोडा म्हणावं पंचायतीला. जा, जेव जा. बायको वाट बघत असेल."

सामुएलूनं मान लववली आणि तो गेला. रोपाती भिंतीला धरून रडायला लागला, मोठ्यानं, त्याच्या नेहमीच्या गळ्यात.

"हळू रे," काका म्हणाले. "त्याला ऐकू जाईल."

मोठ्या घरात सगळे तसेच बसलेले होते. आमेन झालं नव्हतं, मग उठणार कोण? पानांनी झाकलेला भात निवला होता, पोरं पेंगत होती, एक डास एसेताच्या नाकावर बसला होता तरी तिनं हात हलवला नव्हता. काका येऊन आपल्या जागी बसले. या वेळी मागच्या खांबाशी नाही, मध्ये. रोपाती त्यांच्या मागोमाग आला, हेडसेट दोन्ही हातांत धरून. त्यानं तो काकांसमोर चटईवर ठेवला. बंद केला नव्हता.

काकांनी डोळे मिटले आणि जिथे सोडलं होतं तिथून सुरुवात केली.

"ऑकलंडमध्ये मिकाएले, त्याला सांभाळ." त्यांनी श्वास घेतला. "ऑकलंडमध्ये लाफाएले. रात्रपाळीला निघालाय तो आता. तिकडे थंडी आहे. त्याला सांभाळ."